सदतीस नंबरची काच

प्रयोगशाळेत दोन गोष्टी कुणी न आणता साचतात. कपाटामागं धूळ आणि माणसांमागं किस्से. धूळ पुसायचा मला पगार मिळतो, त्यामुळं ती मी कधी फारशी मनावर घेतली नाही. किस्से मात्र रोज झटकून, पुसून जाग्यावर लावून ठेवतो!

कर्जतच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला मी चोवीस वर्षं अटेंडंट आहे. आडनाव भोईर, गाव भिवपुरीकडचं. पोरं मला 'मामा' म्हणतात आणि स्टाफरूममध्ये मला 'थापाड्या' म्हणतात. असू दे. आता सांगतोय त्यातलं निम्मं तरी शंभर टक्के खरं आहे. कुठलं निम्मं, ते माझं मलाच आता सांगता येत नाही. पण जिथं जिथं तुम्हाला "छे, शक्यच नाही!" असं वाटेल, नेमकं ते खरं धरा. कारण तिथं तिथं माझीही बोबडी वळली होती.

हे सगळे किस्से एका मुलीभोवतीचे. सना मुकादम. राहणार खोपोली, शिळफाट्याला. तिच्या अब्बांची तिथं बेकरी आहे. सना आमच्या साबळे सरांकडं पीएचडी करत होती. विषय ऐकून मी पहिल्या दिवशी दोनदा विचारलं होतं: विषारी वायू ओळखणाऱ्या मेटल ऑक्साइडच्या फिल्म.

"मामा, सोपं आहे," ती म्हणाली. "तव्यावर पाण्याचा हबका मारता ना? तसंच."

आणि खरंच तसंच निघालं. तापलेल्या प्लेटवर काचेची पट्टी ठेवायची. तिच्यावर कथिलाच्या क्षाराचं पाणी फवाऱ्यानं बारीक उडवायचं. पाणी चर्र करून जातं आणि काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा थर बसतो. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढं गोधडी वाटावी इतका पातळ! मग काच चारशे डिग्रीच्या भट्टीत भाजायची, दोन तारा जोडायच्या आणि एका डबीत बसवायची. वायू लागला की थरातून करंट जास्त वाहतो आणि डबी कोकलते. म्हणजे थोडक्यात काचेचं नाक.

सनाला हे नाक अमोनियासाठी हवं होतं. आमच्या भागात बर्फाचे कारखाने आहेत, त्यांच्या पाइपांतून अमोनिया फिरतो. गळला तर आधी डोळे जातात, मग छाती भरते, मग माणूस. तिला अशी काच हवी होती की जी फक्त अमोनियाला वाजेल आणि बाकी कशालाही नाही. आणि मुदत होती मार्चअखेरची. मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर पाच वर्षांची मेहनत रद्दीत.

*

पहिल्या आठ काचा मुक्याच निघाल्या. नववी बोलली!

सकाळची वेळ. सना, मी आणि टेबलावर ती डबी. शांत. दारातून साबळे सर आत आले आणि डबी जी बोंबलायला लागली, की मी पाण्याचा जार सोडला.

सर घाबरून मागं सरकले. डबी गप्प. सर पुन्हा आत. डबी सुरू. सर बाहेर, गप्प. सर आत, सुरू!

"आयला, ही मला ओळखती काय?" सर म्हणाले. सर साताऱ्याकडचे. घाबरले की सातारा बाहेर येतो.

सनानं डबी हातात घेतली आणि सरांच्या बुटापासून वर वर नेली. बूट, शांत. खिसा, शांत. कॉलर, थोडी कुरकुर. डोक्यापाशी नेली आणि डबीनं सगळं कॉलेज गोळा केलं!

सर छप्पन्न वर्षांचे. केस कोळशासारखे काळे. सगळा स्टाफ त्यांना विचारायचा, "सर, कुठलं तेल?" आणि सर सांगायचे, "आमच्या आईकडून आलंय हे." मीही वर्षानुवर्षं ते खरं धरून चाललो होतो. माझ्या पायाखालची फरशी सरकली.

"सर," सना अगदी हळू म्हणाली, "हेअर डायमध्ये अमोनिया असतो..."

दारात तोवर चार प्राध्यापक आणि एक शिपाई.

सरांनी घसा साफ केला. "प्रतिसाद चांगला आहे. वहीत नोंद कर," ते म्हणाले. "स्रोत लिहू नकोस."

*

नवव्या काचेचा आनंद फार टिकला नाही. तिला अमोनिया कळायचा, पण अत्तर, अगरबत्ती, फोडणी, फिनेल, सगळंच कळायचं. पुढच्या काचाही तशाच. उन्हाळ्यात सनाला चौदावी काच लॅबबाहेरच्या हवेत तपासायची होती. बाहेरची हवा म्हणजे अर्थात अब्बांची बेकरी. बॅटरी उचलायला मी.

मुकादमचाचा म्हणजे पाच वेळचे नमाजी, हज करून आलेले, शिळफाट्यावर ज्यांच्या शब्दावर माणसं डोळे मिटून भरवसा ठेवतात असे. दुकानात संध्याकाळची गर्दी. आत परातीत पावाचं पीठ फुगत ठेवलेलं. सनानं डबी परातीजवळ नेली आणि डबी कोकलली.

"काय सापडलं गं?" चाचांनी गल्ल्यावरून विचारलं.

आता ही मुलगी शास्त्रज्ञ. तिला खोटं बोलता येत नाही. ती सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "अब्बा, अल्कोहोल."

माझ्या हातातली बॅटरी घसरली! चाचांच्या हातातली नोट तशीच हवेत. एक म्हातारे गिऱ्हाईक तर पावाची पिशवी गल्ल्यावर ठेवून दोन पावलं मागं झाले.

"माज्या बेकरीत दारू?"

"दारू नाही हो अब्बा! यीस्ट साखर खाते, त्यातून थोडं तयार होतं. भट्टीत उडून जातं सगळं."

चाचा उठून आत आले. परातीपुढं उभे राहिले. पिठाकडं असं बघत होते, जसं कुणी घरातल्या माणसाची चोरी पकडल्यावर बघतं.

"चाळीस वर्षं मी तुला मळतोय," ते पिठाला म्हणाले, "आणि तू मला एक शबूद सांगितला नाय!"

मग भाजून गार झालेल्या पावांचा ट्रे स्वतः आणून डबीसमोर धरला. डबी गप्प. उलटा धरला. गप्प. चाचा तो ट्रे घेऊन बाहेर गेले आणि त्या मागं सरकलेल्या म्हाताऱ्यापुढं ठेवून म्हणाले, "घ्या. मशीननं पास केलाय."

दुसऱ्या दिवसापासून शिळफाट्यावर लोक पाव मागायला लागले ते असे: "चाचा, पास केलेला द्या. साधा नको."

*

आमच्याकडं श्रावणात भिंतीला टेकलं तर शर्टावर भिंतीचा नकाशा उमटतो. असल्या ओलीत काचा बहिऱ्या होतात. थरावर दमट हवा बसली की त्यांना ना अमोनिया कळतो ना सरांचं डोकं.

मी म्हटलं, "सना, आमी मीठ पाघळू नये म्हणून त्यात तांदूळ टाकतो. तू काचा तांदळात ठेव."

तिनं नखाएवढ्या कापलेल्या सहा काचा तांदळाच्या डब्यात पुरल्या. डबा कपाटात. काचा ठणठणीत! मी दोन दिवस कॉलेजात छाती काढून फिरलो.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका बाईंचा निरोपसमारंभ. जेवण कॅन्टीनच्या वहिनींकडं. ऐन वेळी वहिनींना तांदूळ कमी पडले आणि त्यांना कुणीतरी सांगितलं, "फिजिक्सच्या कपाटात डबाभर आहेत." ते कुणीतरी म्हणजे मीच. मला वाटलं, नुसतं माहिती म्हणून विचारतायत!

पंगत बसली. वरणभात आला. साबळे सरांनी पहिला घास कालवला आणि बोटं थांबली. भातातून त्यांनी एक चकाकणारा चौकोन वर काढला, उजेडात धरला आणि अगदी शांतपणे हाक मारली, "सना, ही तुझी का?"

सनानं काच उलटी करून मागं कोरलेला नंबर वाचला. "हो सर! बावीस!"

"आणि बाकीच्या?"

चाळीस माणसांचे हात एकाच वेळी ताटातून वर आले. तसं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. मग सगळं कॉलेज आपापल्या भातात संशोधन करायला लागलं. चोवीस नंबर प्राचार्यबाईंच्या वरणात निघाला. एक कुकरच्या तळाशी. एक लोणच्यात, ती तिथं कशी गेली ते विचारू नका. अशा पाच सापडल्या.

सहावी शेवटपर्यंत सापडली नाही. पण आमचे ग्रंथपाल त्या दिवसापासून फिनेलच्या बाटलीजवळून गेले की शिंकतात.

*

दसऱ्याला कॉलेज बंद असतं, पण मी सकाळी लॅब उघडतोच. चोवीस वर्षांचा नेम आहे. व्हर्नियरपासून कॉम्प्युटरपर्यंत प्रत्येक यंत्र पुसायचं, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. यंत्र वर्षभर आपल्यासाठी राबतं, एक दिवस आपण त्याला मानायचं.

त्या दिवशी सनाही आली होती. भट्टीची वेळ लावायला.

"मामा, माझ्या फवाऱ्यालाही लावा हं," जाताना म्हणाली. "तो आजकाल रुसलाय."

मी लावलं. मनापासून लावलं. फवाऱ्याच्या बाटलीचं झाकण उघडं आहे हे मला दिसलं ते चिमूट आत पडल्यावर!

मी बाटलीत बघितलं. पाण्यात लाल रेघ उतरत होती. बाटली हलवली. रेघ दिसेनाशी झाली. म्हटलं, देवाला पोचलं. झाकण लावलं, फूल ठेवलं, कुलूप लावून घरी आलो आणि कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतून सदतीस नंबरची काच झाली.

सनानं तिच्यापुढं अत्तर धरलं. गप्प. स्पिरिट धरलं. गप्प. अगरबत्ती, फोडणी, फिनेल... गप्प! सना माझ्याकडं बघते, मी सनाकडं. मग अमोनियाच्या बाटलीचं बूच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जरासं सैल केलं आणि डबीनं छप्पर डोक्यावर घेतलं!

तेवढ्यात सर आले. सण म्हणून आदल्याच दिवशी रंग लावलेला. डबी दारातूनच ओरडली. पण या खेपेला सर लाजले नाहीत. डोकं पुढं करून म्हणाले, "पुन्हा बघ! पुन्हा बघ!"

*

सदतीस नंबर घेऊन आम्ही खालापूरकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलो. शेठ भला माणूस, पण हसरा. डबी भिंतीला टांगली आणि ती टांगताक्षणी वाजली.

कामगार खो खो हसले. "बाय, आमी इथं बारा वर्सं हाय. वास असता तर आमाला आला नसता?"

"तुमची काच घाबरट हाय," शेठ म्हणाले.

सनानं पिशवी उघडली. लिटमसचा लाल कागद भिजवला आणि पाइपाच्या एकेका जोडाला लावत निघाली. पहिला जोड, कागद लाल. दुसरा, लाल. कोपऱ्यातल्या पाचव्या जोडाला लावला आणि कागद आमच्या डोळ्यांदेखत निळा झाला.

तो जोड बरोबर एका बाकड्याच्या वर होता. बाकड्यावर उशी होती. दुपारचं जेवण झालं की दोन माणसं तिथं आळीपाळीनं आडवी व्हायची.

हसणं असं थांबलं, जसं कुणी बटण दाबलं. त्या दोघांतला एक पुढं आला, त्यानं आपली उशी उचलली आणि नुसता उभा राहिला. त्यांच्या नाकांना वास इतका अंगवळणी पडला होता की नाकं उपयोगाचीच राहिली नव्हती. जोड अजून चार दिवस तसाच सैल होत राहिला असता, तर मी हा किस्सा असा हसत सांगायला बसलो नसतो.

शेठ मटकन बर्फाच्या लादीवर बसले. दोन मिनिटं बसले. त्यांना ते गारसुद्धा लागलं नाही!

उठले ते एकच वाक्य बोलून: "बाय, मला अशा बारा करून दे. आणि तोवर ही हितंच राहू दे."

*

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. डबी जागेवर. सनानं अमोनियाची छोटी कुपी उघडली. काही नाही. जवळ नेली. काही नाही. डबी उघडली तर आतली काच आरशासारखी लख्ख!

कारखान्याचे वॉचमनभाऊ अभिमानानं पुढं आले. "लय मळकट झालीवती, बाय. पांडरा थर बसलावता. राख नि काथ्या घेऊन घासघास घासली, तवा निघाला."

पाच वर्षं. तो पांढरा थर म्हणजे पाच वर्षं!

सना रडली नाही, ओरडली नाही. तिनं काच रुमालात बांधली आणि म्हणाली, "भाऊ, छान घासलीत." मला त्या वाक्याचा जो धक्का बसला, तो आजवर कुठल्या वायरनं दिलेला नाही.

खरा घोळ पुढं होता. अडतीसपासून एकसष्टपर्यंत चोवीस काचा झाल्या. नव्यानं केलेलं तसंच पाणी, तीच भट्टी, तेच माप. आणि प्रत्येक काच अत्तराला, फोडणीला, फिनेलला वाजायची. सदतीससारखी एकही नाही.

"परीक्षक पहिलं तेच विचारणार," सर म्हणाले. "पुन्हा करून दाखवा. एक काच म्हणजे नशीब. तीन सारख्या झाल्या तर शास्त्र."

फेब्रुवारी उजाडला. एकदा बघितलं तर सना भट्टीसमोर स्टुलावर बसून वहीतली सदतीसची पानं पुन्हा पुन्हा उलटत होती, कुठलं पान गळलंय का ते शोधत.

गळलेलं पान माझ्या पोटात होतं.

घाबरत होतो मी! चोवीस वर्षांची नोकरी आणि दुसऱ्याच्या प्रयोगात बोट घातलं म्हणून शेवट. पण त्या पोरीची पाठ बघवेना. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. दसरा, उघडं झाकण, चिमूट, लाल रेघ.

"मामा! तुम्ही माझ्या सोल्युशनमध्ये कुंकू टाकलंत?"

"टाकलं नाय गं, पडलं."

ती उठली. मला वाटलं, आता सरांकडं जाणार. दारापर्यंत गेली, वळली, पेन काढलं.

"कुठल्या दुकानातलं?"

*

दहिवलीच्या दुकानातून पुडी आणली. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट अशा तीन काचा केल्या. तिन्ही काळ्या ठिक्कर! अमोनिया सोडा, त्यांना करंटही कळेना.

मी हादरून घरी गेलो आणि मंदाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. तिनं ताट खाली ठेवलं.

"दुकानातलं कुटलं? दसऱ्याला माजा करंडा खिशात घालून ग्येलता ना तुमी? मी दोन दिस शोदत व्हते!"

खरंच की! दुकानातलं कुंकू म्हणजे नुसता रंग. मंदा घरी करते ते हळदीचं, तिच्या आईच्या पद्धतीनं. मी आनंदानं करंड्याकडं हात नेला. तिनं तो वरचेवर उचलला.

"काय करनार त्याचं?"

"भट्टीत घालणार."

"कुक्कू? भट्टीत?"

"चारशे डिग्रीवर."

"आवो, ते तुमच्या नावाचं हाय!" ती किंचाळली. "जाळू कसं?"

आणि खरं सांगतो, मला जरा उकडायलाच लागलं.

शेवटी सना स्वतः आमच्या घरी आली. मंदानं तिला आधी भाकरी खाऊ घातली, मग करंडा पदराआड घेऊन म्हणाली, "पोरी, ह्यातलं नाय देनार. पन तुज्या भट्टीच्या नावानं येगळं करून देते. मंग जाळ नायतर उकड."

अंगणात हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार, म्हणजे सनाच्या भाषेत बोरॅक्स, घेऊन मंदा बसली. समोर सना, वही आणि लॅबचा नाजूक वजनकाटा घेऊन.

"मावशी, टाकणखार किती?"

"चिमूटभर."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"म्हंजे चिमूटभर गं!"

सनानं काट्यावर कागद ठेवला. "यावर टाका."

मंदानं टाकला. सनानं आकडा लिहिला. "पुन्हा." मंदानं पुन्हा टाकला. तोच आकडा. तिसऱ्यांदा तोच! चौथ्यांदा सनानं काट्यावर फुंकर मारून बघितली. दहा चिमटी झाल्या. दशांशचिन्हापुढचे तिन्ही आकडे हलले नाहीत.

"मामा," सना कुजबुजली, "काटा बिघडलाय."

मी चिमूट घेतली आणि टाकली. दहा वेळा, दहा वेगळे आकडे.

काटा ठीक होता.

चार दिवस वाळवून कुटलेलं ते कुंकू घेऊन सना गेली. पासष्ट, सहासष्ट आणि सदुसष्ट. तिन्ही काचा अत्तराला गप्प, फोडणीला गप्प आणि साबळे सर पार्किंगमध्ये स्कूटर लावत असतानाच तिन्ही एका सुरात सुरू!

*

प्रबंध मुदतीत गेला. तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. बाहेरगावचे परीक्षक आले. उंच, वाळलेले, कधी हसले असतील तर फार लहानपणी. सनाचे अब्बा मागच्या बाकावर, मांडीवर पास केलेल्या पावाची पिशवी. मंदा त्यांच्या शेजारी, नवं लुगडं नेसून, परीक्षा तिचीच असल्यासारखी. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी.

परीक्षकांनी तिन्ही काचा स्वतः तपासल्या. खिशातून स्वतःची अत्तराची कुपी काढली. गप्प. स्पिरिट, गप्प. अमोनिया, तिन्ही एकदम! त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मान हलवली नाही, पण भुवई हलली. मी मोजत होतो.

मग त्यांनी प्रबंध उघडला. एका पानावर बोट थांबलं. चष्मा काढला, पुसला, लावला आणि तेच पान पुन्हा वाचलं.

"घरगुती कुंकू?"

साबळे सरांनी छताकडं बघायला सुरुवात केली.

"हो सर," सना म्हणाली. "भाजताना हळद जळून जाते, टाकणखार मागं राहतो. पण नुसता टाकणखार घातला तर एवढं होत नाही. कुंकूच लागतं. का लागतं ते मला अजून कळलेलं नाही. तसंच लिहिलंय, शेवटच्या पानावर."

"ते वाचलं मी." परीक्षकांचा आवाज बर्फाच्या लादीसारखा. "मी विचारतोय, ही कल्पना कुणाची?"

माझ्या मनात आलं, पोरी, सरांचं नाव घे. तुझं स्वतःचं घे. कुणाचंही घे!

सनानं हात वर केला आणि सरळ दाराकडं बोट दाखवलं. "यांची."

सगळ्या माना वळल्या. ट्रेमधले कप आपोआप वाजायला लागले. चोवीस वर्षांत त्या खोलीत मला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

परीक्षकांनी मला पुढं बोलावलं. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही कुंकू का घातलंत?"

आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या क्षणी एकही सुचेना. मागून मंदा पदराआडून पुटपुटली, "खरं सांगा, आवो."

"सर," मी म्हटलं, "दसरा होता."

चाचांच्या मांडीवरची पिशवीसुद्धा चुरचुरली नाही. सना टेबलाची कड धरून उभी. परीक्षक माझ्याकडं बघत राहिले, मग तिन्ही काचांकडं, मग पुन्हा माझ्याकडं. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं, निकालाचा कागद ओढला, सनाच्या नावापुढं सही केली आणि मान वर न करता मला विचारलं,

"आणि पाडव्याला काय लावता?"